पाटी वाचून शिवी

रस्त्यात कोणी गाडी आडवी घातली की महाराष्ट्रातला माणूस आधी ब्रेक दाबतो, मग पाटी वाचतो आणि मग शिवी देतो. हा क्रम सहसा चुकत नाही. पाटी न वाचता दिलेली शिवी एकट्या माणसाला लागते. पाटी वाचून दिलेली अख्ख्या जिल्ह्याला लागते, आणि जिल्ह्याला लागलेल्या शिवीचं समाधान काही औरच. "बघितलंस? चौदा!" एवढं म्हटलं की शेजारी बसलेला मान हलवतो. पुढे स्पष्टीकरण लागत नाही. एमएच चौदा म्हणजे पिंपरी-चिंचवड, आणि हे म्हणणारा बारा, म्हणजे पुणे. दोन्ही शहरांच्या मध्ये दापोडीचा हॅरिस पूल आहे. पूल ओलांडला की वाक्य तेच राहतं, फक्त चौदाच्या जागी बारा येतो.

मुंबईत हे शास्त्र आणखी बारीक. ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. पलीकडे ०४ ठाणे, ०५ कल्याण, ४३ नवी मुंबई. शून्य एकला शून्य चारबद्दल जे वाटतं तेच शून्य चारला शून्य पाचबद्दल वाटतं. शून्य पाच कामाला लोकलने जातो. त्याला कोणाबद्दल काही वाटून घ्यायला हात मोकळे नसतात.

प्रत्येक शहराची तक्रार मात्र एकच: आमची माणसं शिस्तीची होती हो, बाहेरच्यांनी येऊन बिघडवलं. पुण्यात हे वाक्य सदाशिव पेठेत म्हणतात, कोथरूडला म्हणतात आणि परवापरवा लातूरहून आलेले गृहस्थ वाघोलीत म्हणतात. या गृहस्थांनी गावाकडून आणलेली एमएच चोवीस विकली, नवी गाडी घेतली, संगम पुलाजवळच्या आरटीओत नोंदवली आणि ते बारा झाले. पुणेकर होण्याचा इतका झटपट दुसरा मार्ग नाही. बाकीच्या मार्गांना तीन पिढ्या लागतात, आणि तरीही शनिवार पेठ मान्य करत नाही.

या सगळ्या व्यवस्थेवर केंद्र सरकारने २०२१ मध्ये घाव घातला. 'बीएच' मालिका आणली. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला दर राज्यात गाडी नव्याने नोंदवावी लागू नये, ही त्यामागची सोय. पण रस्त्यावरच्या जनतेची केवढी गैरसोय होईल याचा विचार दिल्लीत कोणी केला नाही. बीएचवाला डावीकडून घुसून उजवीकडे वळला, तर शिवी कोणत्या गावाची द्यायची? भारताची देता येत नाही.

पाटीवर जीव असणाऱ्यांचा आणखी एक वर्ग आहे: ४१४१ हे इंग्रजी आकडे वाकवून त्याचं 'दादा' करणारा. आता उच्च सुरक्षा पाट्या सक्तीच्या झाल्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना त्या बसवायला मुदतीवर मुदत मिळाली, तरी आज ना उद्या दादांना सरळ चार-एक-चार-एक होऊन फिरावं लागणार. पैसेवाल्यांचं बरं असतं. त्यांना आकडे वाकवावे लागत नाहीत, ते ०००१ विकत घेतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चारचाकीच्या त्या एका आकड्यासाठी २०२४ पासून सहा लाख रुपये मोजावे लागतात. एवढे पैसे मोजलेला माणूस पुन्हा सिग्नललाही थांबेल, ही अपेक्षा जरा जास्तच होते.

हे पाटीपुराण ऐकून कोणाला वाटेल की शहरागणिक माणसं वेगळी असतात. असतात. पण गाडी चालवण्यात फारशी नाहीत, भांडण्यात आहेत.

मुंबईचं भांडण लाल दिव्यापुरतं. काच खाली जाते, "घर पे बोल के आया क्या?" असं विचारलं जातं, समोरून तेवढ्याच तोलाचं उत्तर येतं, दिवा हिरवा होतो, काच वर. पुढच्या सिग्नलला दोघांना एकमेकांची गाडी ओळखताही येणार नाही. (मुंबईत दोन मराठी माणसं गाडीतून भांडली तरी हिंदीतच भांडतात. मराठीत भांडलं तर ओळख निघण्याचा धोका असतो.) पुण्यात भांडण आदरार्थी बहुवचनात सुरू होतं.

"आपण इंडिकेटर दिलात का?"

"दिला होता."

"उजवीकडचा दिलात. वळलात डावीकडे."

"मी कुठे वळायचं हे तुम्ही ठरवणार?"

इथे दोघे गाड्या स्टँडवर लावतात. रस्त्याच्या मधोमध, कारण मुद्दा महत्त्वाचा आहे. मागे दांडेकर पुलापर्यंत रांग लागते. रांगेतले एक निवृत्त गृहस्थ उतरून येतात आणि दोघांचंही कसं चुकलं ते सांगतात. मग तिघे भांडतात.

नागपूरला "काबे, दिसत नाही का बे?" या एका वाक्याचा आवाज असा चढतो की आता रक्त सांडणार असं वाटावं, तेवढ्यात एकजण तोंडाचा दुपट्टा सोडतो आणि दुसरा म्हणतो, "अबे, तू होय!" कोल्हापुरात "डोळं फुटल्यात काय रं?" यानंतरचा प्रश्न "गाव कुठलं?" हा असतो. गाव कळलं की पाहुणे निघतात. पाहुणे निघाले की दोष खड्ड्याचा ठरतो, आणि महापालिकेचा उद्धार करत दोघे चहाला जातात. गाड्या तिथेच. गोव्यात भांडणाची वेळ येण्याआधीच पाटी बोलून जाते. काळी पाटी, पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. भाड्याची गाडी म्हणजे पर्यटक. आणि उघड्या डोक्याने, तिघं बसून, चुकीच्या बाजूने येणारा पर्यटक म्हणजे, क्षमा असावी, पुष्कळदा आपणच.

आता पुण्याचं हेल्मेट. त्याला वगळून या विषयावर लिहिलं तर पुणेकरच नाराज होतील. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम १९८८ पासून हेल्मेट घाला म्हणतं आहे, पण कलमाला पुण्याची हवा माहीत नाही. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्ती करायची ठरवली तेव्हा शहरात निदर्शनं झाली. पाणी, कचरा, पीएमपीची बस, कशासाठीही जी माणसं एकत्र येत नाहीत ती स्वतःचं डोकं उघडं ठेवण्यासाठी एकत्र आली. कारणंही अभ्यासपूर्ण: केस जातात, मान धरते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, मंडईत उतरल्यावर ठेवायचं कुठे. आणि सगळ्यात पक्कं कारण: शहरात मुळी वेगच नसतो. हे सांगणारे गृहस्थ वेग मिळावा म्हणून फुटपाथवरून येत असतात.

पण या गृहस्थांच्या मागे जरा जा. त्यांना कामासाठी लष्कराच्या हद्दीत शिरायचं आहे. फाटकाच्या अलीकडे शंभर पावलांवर ते थांबतात. डिकी उघडते. आतून हेल्मेट निघतं, नवंकोरं. ते डोक्यावर चढतं, पट्टासुद्धा लागतो, जो पट्टा बाहेर कोणी लावलेला मी फारसा पाहिलेला नाही. फाटकापाशी गाडी हळू, दिवा मंद, ओळखपत्र हातात, चेहऱ्यावर सैनिकी गांभीर्य. आत हॉर्न नाही, ओव्हरटेक नाही, थुंकणं नाही. मान धरत नाही, केस जात नाहीत. काम झालं, बाहेर आले, हेल्मेट डिकीत. पुण्याची संस्कृती वगैरे जी काही होती ती फाटकाच्या आत अर्धा तास स्थगित होती. पाटी मात्र आत-बाहेर बाराच होती.

मुंबईचंही तेच, फक्त फाटक दिसत नाही. माहीम आणि सायन या तिथल्या वेशी. त्यांच्या दक्षिणेला रिक्षांना बंदी. मरीन ड्राइव्हला रात्री अकरा वाजता, समोर चिटपाखरू नसताना, पांढऱ्या रेषेच्या मागे शहाण्यासारखी उभी असलेली गाडी पाहून परगावच्या माणसाचे डोळे भरून येतात. हीच गाडी तासाभराने कुर्ल्याच्या एलबीएस मार्गावर दोन बसच्या मध्ये तिसरी बस असल्यासारखी घुसते. मुंबईकर म्हणतो, आमच्याकडे लेनची शिस्त आहे. आहे ना. ज्या रस्त्याला लेन आखलेली आहे, ज्याच्यावर कॅमेरा आहे आणि ज्याच्या कडेला कोणी भाजी विकत बसलेलं नाही, तिथे आहे.

हॉर्नच्या बाबतीत मात्र मुंबई पोलिसांना मानलं पाहिजे. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी एका प्रयोगाची चित्रफीत काढली. सिग्नलला आवाज मोजणारं यंत्र जोडलेलं. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वाजवा अजून, थांबा अजून. लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते. आपण हॉर्न वाजवल्याने काहीतरी घडतं, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. पुढे दोनच महिन्यांत कोविडची टाळेबंदी आली आणि शहर यंत्राशिवायच शांत झालं. त्याआधी २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने ट्रकच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज' या अक्षरांवर बंदी घातली होती. अक्षरं काही ठिकाणी पुसली गेली. ओके आणि प्लीज गेले, हॉर्न राहिला.

पुणे आणि मुंबई या दोन संस्कृती समोरासमोर येतात त्या द्रुतगती महामार्गावर. २००२ पासून पूर्ण वापरात असलेला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, दुचाकी-तिचाकी-बैलगाडी-माणूस कोणालाही परवानगी नसलेला रस्ता. म्हणजे तक्रारीला जागाच ठेवलेली नाही. तिथे काय दिसतं? सगळ्यात उजवी लेन ओव्हरटेकसाठी असते, ओव्हरटेक झाला की ती सोडायची असते. ती एका कुटुंबाने ताब्यात घेतलेली असते. वेग ऐंशी. गाडीत जुनी गाणी, मागच्या सीटवर चिवडा. मागून कोणी दिवा दाखवला की चालवणारे काका आरशात बघतात, पाटी वाचायला जमत नाही म्हणून चिडतात, आणि म्हणतात, "मर्यादा शंभरची आहे. मी नियमात आहे." त्यांना डावीकडे या म्हणणं म्हणजे वडिलोपार्जित जमीन मागण्यासारखं. मग मागचा डावीकडून जातो, तिथे मधल्या लेनमध्ये दुसऱ्या ट्रकला मागे टाकण्याचा संकल्प सोडलेला एक ट्रक असतो, त्याच्याही डावीकडून जातो, आणि खंडाळ्याच्या उतारावर, जिथे साठची मर्यादा आहे, तिघेही एका रेषेत येतात. काकांच्या मते मागचा मुंबईचा असणार. मागच्याच्या मते काका पुण्याचे असणार. ट्रक तमिळनाडूचा असतो. त्याचं मत कोणी विचारत नाही.

२०२४ पासून या रस्त्यावर कॅमेऱ्यांच्या कमानी आहेत. कमान दिसली की ब्रेक, कमान गेली की ॲक्सिलरेटर. देवळासमोरून जाताना छातीला हात लावतात, तशीच ही श्रद्धा.

नाशिकबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे १५ ऑगस्ट २०२१ पासून 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी मोहीम पोलिसांनी काढली होती. पंपाच्या दारात एकेक हेल्मेट किती डोक्यांवरून फिरून आलं, याची नोंद सरकारदरबारी नाही.

नागपूरकराचा दावा असा की, आमच्याकडे भांडायचं कारणच नाही, रस्ते बघा केवढे. रस्ते खरंच केवढेतरी आहेत. इतके रुंद की उलट्या बाजूने येणाऱ्यालाही वाटतं, इथे माझ्यापुरती जागा राखून ठेवलेली आहे. पण नागपूरच्या उन्हाळ्यातली दुपार मला फार शिकवून गेली. पारा पंचेचाळीसकडे सरकला की काही चौकांतले सिग्नल दुपारपुरते बंद ठेवतात. दुचाकीवाल्याने नव्वद सेकंद उन्हात भाजून निघू नये म्हणून. आता सिग्नल बंद म्हणजे रणकंदन व्हायला हवं. होत नाही. चौकात येणारा प्रत्येकजण वेग कमी करतो, मान वळवतो, दुसऱ्याकडे बघतो. हनुवटीने "जा" म्हणतो किंवा "थांब" म्हणतो. दिवा असताना तो दिव्याशी भांडत होता. दिवा गेला तेव्हा त्याला समोर माणूस दिसला.

हॉलंडमध्ये हान्स मोंडरमन नावाच्या वाहतूक अभियंत्याने हीच गोष्ट ठरवून केली. ड्राख्टन गावातल्या एका गजबजलेल्या चौकातले सिग्नल काढून टाकले, पाट्या काढल्या, आणि माणसांना एकमेकांकडे बघायला भाग पाडलं. जगभरातून लोक तो चौक बघायला गेले. आपल्याकडे हा प्रयोग वीज गेली की होतो, आणि बघायला कोणी येत नाही.

छत्रपती संभाजीनगरात तर हा प्रयोग औरंगजेबाच्या काळापासून चालू आहे. तिथला मकाई दरवाजा घ्या. हत्ती-अंबारी गेली आणि त्याच कमानीतून आता रिक्षा, शाळेची व्हॅन, पाण्याचा टँकर जातो. एका वेळी एकच. इथे आकडे मोजणारा दिवा नाही आणि बहुतेक वेळा पोलीसही नाही. तरी काम होतं. या बाजूच्या चार-पाच गाड्या, मग त्या बाजूच्या. कोणी आगाऊपणा करून मध्ये घुसलाच तर कमान त्याला आत नेते आणि समोरच्या टँकरपुढे उभं करते. मग त्याला सगळ्यांच्या देखत मागे यावं लागतं. दंडाची पावती नसते, पण अशा वेळी चेहरा बघावा. चलन मोबाइलवर येतं, लोकअदालतीत तडजोड होते, विसरलं जातं. टँकरपुढून मागे घेतलेली गाडी गल्ली विसरत नाही.

कोकणातल्या घाटात हीच रीत. नियम सांगतो की अरुंद घाटात चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी. एसटीच्या ड्रायव्हरला हा नियम पुस्तकातून शिकावा लागत नाही. भरलेली गाडी चढावर थांबवली की पुन्हा उचलताना काय होतं ते त्याच्या पायाला ठाऊक असतं. वळणावर मुंबईची गाडी समोर येते. चालवणाऱ्याला मागे घेणं हा अपमान वाटतो. एसटीवाला इंजिन बंद करतो, हात खिडकीवर टेकवतो आणि शांतपणे बघत बसतो. शिवी नाही, हॉर्न नाही. थोड्या वेळाने मुंबई मागे जाते.

खरं सौजन्य मी पाहिलं ते दोन पदरी महामार्गांवरच्या ट्रकवाल्यांत. मागून गाडी आली, पुढे रस्ता मोकळा असला की क्लीनरचा हात खिडकीतून बाहेर येतो आणि या, या म्हणतो. काहीजण उजवा इंडिकेटर देऊन तेच सांगतात: घ्या, निघा. अनोळखी माणसासाठी केलेलं इतकं निखळ काम दुसरं नसेल. फक्त उजवा इंडिकेटर म्हणजे 'मी उजवीकडे वळतोय' असंही होतं, आणि दोहोंपैकी कोणता अर्थ आहे हे ओव्हरटेक करताना कळतं. डिपरचीही अशीच गंमत. इंग्लंडला स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना पहिला धक्का तोच बसतो. तिथे समोरच्याने दिवा चमकवला तर रिवाजाने त्याचा अर्थ 'आधी तुम्ही जा' असा घेतात. आपल्याकडे अर्थ होतो 'मी येतोय, तुझं तू बघ'. सुट्टीला पुण्यात आलेला तिकडचा पुतण्या डिपर बघून विश्वासाने पुढे निघतो, आणि बाकीचा महिना रिक्षाने फिरतो.

एवढं सगळं जुळत आल्यावर मला वाटलं, सापडलं. चेहरा दिसला, ओळख असली, उद्या परत गाठ पडणार असली की माणूस नीट वागतो. लहान शहरं म्हणून सुसंस्कृत. हा सिद्धांत साताऱ्याने मोडला. साताऱ्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि म्हणूनच राजपथावर दोन बुलेट समोरासमोर आल्या की जागच्या जागी थांबतात. "काय म्हणतोस?" "निवांत." मागची रिक्षा हॉर्न वाजवत नाही, कारण रिक्षावाला दोघांनाही ओळखतो; तोही उतरतो. ओळखीमुळे सौजन्य भरपूर आहे, पण ते सगळं थांबलेल्यांसाठी आहे. जायची घाई असलेल्या अनोळखी माणसाला त्यातलं काही मिळत नाही.

मग ऐजॉलचं काय करायचं? मिझोरमची ही राजधानी डोंगराच्या धारेवर वसलेली. २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती तीन लाखांच्या आत होती. रस्ते अरुंद, चढ छातीवर येणारे, गाड्या वारेमाप. म्हणजे बेशिस्तीला लागणारं सगळं सामान हजर. आणि तिथे हॉर्न वाजत नाही. गाड्या एकामागे एक, दुचाक्याही एकामागे एक, उजवीकडचा समोरून येणाऱ्यांचा अर्धा रस्ता रिकामा असला तरी रिकामाच. २०२२ मध्ये अशा रिकाम्या अर्ध्या रस्त्याचं एक छायाचित्र देशभर फिरलं. बघणाऱ्या निम्म्या लोकांनी वाहवा केली. उरलेल्यांना तो रिकामा भाग बघून हात शिवशिवत होते.

कारणं शोधता येतात. धारेवरच्या शहरात पर्यायी रस्ता नसतो. एक गाडी घुसली की दोन्हीकडचं सगळं अडकतं, घुसणाऱ्यासकट. गल्लीगल्लीत १९३५ पासूनची यंग मिझो असोसिएशन आहे, जिच्यात कोणाच्या घरी मयत झाली तर अख्खी आळी रात्र जागवते. असे लोक रांग मोडत नाहीत. पण ही कारणं पुरी पडत नाहीत, हे मला दिसतं. पर्यायी रस्ता महाबळेश्वरलाही नसतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत वेण्णा तलावापाशी काय होतं ते जगजाहीर आहे. मयतीला धावून आपणही जातो. पांढरे कपडे घालून, चुकीच्या बाजूने.

आणि धावून जाण्यात आपण कमी नाही, हे पुण्याच्या गणेश विसर्जनाला दिसतं. लक्ष्मी रस्त्यावर मुंगी शिरणार नाही अशी गर्दी, ढोल टिपेला, आणि मागून रुग्णवाहिकेचा आवाज येतो. काही क्षणांत ती गर्दी मधोमध फाटते. ढोल थांबतात, पोरं हातांची साखळी धरतात, गाडी न थांबता पार होते आणि गर्दी पुन्हा मिटते. ही चित्रं दरवर्षी फिरतात आणि खरी असतात. दुसऱ्या दिवशी तीच पोरं गाडीवर बसून नळ स्टॉपच्या चौकात असतात. मागे रुग्णवाहिका कळवळत असते. तिला वाट न देण्याचा दंड २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार दहा हजार रुपये आहे. कोणी हलत नाही. हलायचं तर सिग्नल मोडावा लागेल, आणि नेमकं तेव्हा सगळ्यांना सिग्नल पाळायचा असतो. रुग्णवाहिका गेलीच तर मात्र दोन दुचाक्या तिच्या मागच्या मोकळ्या जागेतून, तिचे नातेवाईक असल्यासारख्या, निघून जातात.

म्हणजे पायावर असताना माणूस एक आणि चाकावर बसला की दुसरा. आणि पायी चालणाऱ्याला पाटी नसते. त्यामुळे तो बाराचा की चौदाचा, कोणाला कळत नाही, आणि सगळ्या शहरांचं त्याच्या बाबतीत एकमत होतं. नियम स्पष्ट आहे: सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर गाडीने थांबून चालणाऱ्याला वाट द्यायची. मुंबईत चालणारे इतके असतात की ते मोर्चासारखे निघतात आणि गाड्यांना थांबावं लागतं. ते सौजन्य नव्हे, बहुमत आहे. नागपुरात रस्ता इतका रुंद की अर्ध्यात पोचेपर्यंत दिवा बदलतो. पुण्यात हात दाखवायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि चालू पडायचं. मात्र अर्ध्यात थांबायचं नाही, थांबलात की गाडीवाल्याचा अंदाज चुकतो आणि तो रागावतो. फुटपाथवर जावं तर तिथे वेगवाले गृहस्थ. २०२० मध्ये पुण्यातल्या एका ज्येष्ठ बाईंची चित्रफीत गाजली होती. फुटपाथवर चढलेल्या दुचाक्यांपुढे त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आधी मला ओलांडून जा. लोकांनी केवढं कौतुक केलं. कितीतरी जणांनी गाडी चालवता चालवता ती पाहिली.

महापालिकेलाही चालणाऱ्यांची चिंता आहेच. २०२१ पासून पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा त्या दिवशी गाड्यांना बंद. रांगोळ्या, पथनाट्यं, मुलांचे खेळ, भाषणं. बैलाला पोळा, नागाला पंचमी, पादचाऱ्याला ११ डिसेंबर. दुसऱ्या दिवशी बैल औताला आणि पादचारी जीव मुठीत धरून पलीकडे.

यंदा त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर मनसोक्त चालून यायचा विचार आहे. फक्त जवळपास गाडी कुठे लावता येईल, तेवढं कोणाला माहीत असेल तर कळवावं.